पोटात पाय असलेला शेजारी

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला, की मराठवाड्यातल्या गावांची रात्र बेडकांची असते. देवगाव रंगारीचीही असते. वेरूळच्या पुढे, कन्नड तालुक्यात, रंगाऱ्यांच्या कसबाचं नाव वागवणारं हे मोठं गाव. तालुक्यातल्या डोंगरांतून निघालेली शिवना नदी या मुलखातून लासूरकडे उतरते आणि पुढे गोदावरीला मिळते. पाऊस रुसला, की याच भागात अंगाला कडुनिंबाचा पाला आणि मुसळाला बेडूक बांधून दारोदार धोंडी निघायची. बेडूक म्हणजे पाण्याचा सांगावा, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

तोच बेडूक आता वेगळ्या वाटेनं घरात येऊ लागला आहे. शोभिवंत मासे विकणाऱ्या दुकानांत मिळणारा हा पाहुणा बोटाच्या दोन पेरांएवढा, करड्या अंगावर काळे ठिपके असलेला, चारही पाय पसरून पाण्यात तरंगत राहणारा. नाव आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग, म्हणजे आफ्रिकेतला बुटका पाणबेडूक. त्याच्या शेजारच्या टाकीत पिवळीधमक, लिंबाएवढी गोगलगाय असते. तिला दुकानात मिस्ट्री स्नेल म्हणतात. एकासाठी गेलेलं पोर दोन्ही घेऊन येतं, कारण गोगलगाय टाकी साफ ठेवते असं सगळेच सांगतात.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. प्राणिशास्त्रही तेच म्हणतं. गोगलगायींच्या अख्ख्या वर्गाचं मराठी नाव ‘उदरपाद’ आहे. तिचं पोट हाच तिचा पाय. म्हणीतला इशारा मात्र शरीररचनेपुरता नाही. गरीब दिसणाऱ्याच्या पोटात काय आहे ते आधी पाहून घ्या, असं ती सांगते. काचेच्या टाकीत बेडकाशेजारी गोगलगाय ठेवणाऱ्यानं ही म्हण अक्षरशः घ्यायला हवी. ही जोडी जमते, आनंदही देते. पण तिला एक कडक पथ्य आहे: टाकीत ओढ्यानदीचं काही आणायचं नाही आणि टाकीतलं काही ओढ्यानदीत सोडायचं नाही. हे पथ्य पाळायची तयारी नसेल, तर ही हौस करूच नये.

आधी टाकीच्या आतलं पाहू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

बुटका पाणबेडूक मध्य आफ्रिकेतला. आयुष्यभर पाण्यात राहतो, तरी श्वास फुप्फुसानं घेतो. म्हणून मधूनमधून सरळ वर झेप घेऊन हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. लांबी तीन-चार सेंटिमीटर. आपल्या शिवारातला बेडूक जीभ फेकून किडा पकडतो. याला जीभच नाही. नजरही बेताची. वास घेत, चाचपडत तो अन्नापर्यंत पोहोचतो आणि तोंड उघडून ते आत ओढून घेतो. चपळ माशांबरोबर ठेवला, तर मासे सगळं फस्त करतात आणि हा मात्र भरल्या टाकीत उपाशी मरतो. गोगलगाय शेजारी म्हणून बरी ती इथे. ती त्याच्याइतकीच संथ, त्याच्या अंगावर न जाणारी.

पण तीही अन्नावर येते. गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, टाकल्या, की थोड्या वेळानं मिस्ट्री स्नेल त्यांच्यावर पसरून बसते. यावर जाणकार हौशी मंडळींचा उपाय साधा आहे. मातीची न रंगवलेली पणती किंवा छोटी बशी तळाशी ठेवायची, बेडकाचं खाणं रोज ठरल्या वेळी तिच्यातच सोडायचं आणि तो खाईपर्यंत लक्ष ठेवायचं. गोगलगायीसाठी उकडलेल्या दोडक्याची चकती दुसऱ्या कोपऱ्यात टाकायची. काही दिवसांत बेडकाला पणतीची जागा कळते.

आता ‘टाकी साफ ठेवते’ या समजाबद्दल. गोगलगाय काचेवरचं शेवाळ आणि उरलेलं अन्न खाते, हे खरं. पण खाल्लेलं नाहीसं होत नाही. तिची विष्ठा पाण्यातच पडते आणि तिच्यापासून अमोनिया तयार होतो. आठ-दहा लिटरच्या भांड्यात दोन बेडूक आणि दोन गोगलगायी ठेवल्या, तर पाणी लवकर खराब होतं. बेडकाची कातडी चाळणीसारखी असते. पाण्यात जे आहे ते तिच्यातून थेट शरीरात जातं. गोगलगाय मरून पडली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर एका दिवसात सगळी टाकी नासू शकते. एकाच जागी पडून राहिलेली गोगलगाय उचलून नाकाशी धरावी. मेलेली असेल तर वास लपत नाही. टाकी किमान चाळीस लिटरची असावी, आत हळू चालणारा फिल्टर असावा, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं. म्हणजे दहा लिटर. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात उन्हाळ्यातले दहा लिटर ही लहान गोष्ट नाही आणि टाकी घेण्याआधी घरात त्याचा विचार व्हायला हवा.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात क्लोरीनची टीसीएल पावडर असते. ती माणसाला वाचवते, बेडकाला मात्र भाजून काढते. पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन उडवणारं औषध घालून मगच ते टाकीत घालावं. आरओच्या जारचं पाणी शुद्ध म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि गोगलगायीचा शंख महिन्या-दोन महिन्यांत खरवडल्यासारखा होऊन झिजतो. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं जड पाणी, ज्याबद्दल घरोघरी तक्रार असते, ते शंखाला मानवतं. माशांसाठीची तांबं असलेली औषधं मात्र या टाकीत कधीच घालू नयेत. तांब्यानं गोगलगाय हमखास मरते आणि बेडकालाही धोका होतो. बेडकाला मानवणारं तापमान साधारण २२ ते २६ अंश. मे महिन्यात पत्र्याच्या घरात ठेवलेली टाकी त्याच्या कितीतरी वर जाते. टाकीवर जाळीचं घट्ट झाकण हवं. बेडूक उडी मारून बाहेर पडतो आणि फरशीवर काही तासांत वाळतो. गोगलगायही रात्री काचेवरून चढून बाहेर निघते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, एवढा व्याप करण्यापेक्षा नकोच. तसं वाटलं तर तेही बरोबर आहे. प्राणी आणण्याआधी मागे फिरणं हा शहाणपणाच. पण ज्याला हा व्याप आवडेल, त्याच्या मुलांना फुप्फुसानं श्वास घेणारा पाण्यातला प्राणी आणि पोटावर चालणारा उदरपाद रोज डोळ्यांसमोर दिसेल. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कित्येक दशकं हे दोन जीव मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून पाहिले. बेडूक आणि ‘पायला’ नावाची मोठी गोड्या पाण्यातली गोगलगाय विच्छेदनासाठी ठरलेले होते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ पासून पावलं उचलून ही विच्छेदनं थांबवली, ते योग्यच झालं. जिवंत बेडूक हवेचा घोट घेताना पाहून जे कळतं, ते ट्रेमधल्या बेडकाकडून कळत नव्हतं.

बुटका पाणबेडूक मिळतो त्याच दुकानांत आणखी एक बेडूक असतो आणि घोटाळा तिथे होतो. तो आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, शास्त्रीय नाव झेनोपस लेव्हिस. पिल्लू असताना तो बुटक्या बेडकासारखाच दिसतो. पांढरा, लाल डोळ्यांचा प्रकार तर मुलांना फार आवडतो. ओळख पायांत आहे. बुटक्या बेडकाच्या पुढच्या पायांच्या बोटांमध्येही पडदा असतो. झेनोपसच्या पुढच्या पायांची बोटं सुटी असतात. ही खूण गिऱ्हाइकाला सांगणं हे दुकानदाराचं काम आहे.

झेनोपसची मादी बारा सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि हा बेडूक पंधरा वर्षांहून जास्त जगतो. सातवीतल्या मुलासाठी आणलेला प्राणी त्याच्या लग्नातही घरात असेल. तोंडात मावेल ते तो गिळतो. लहान गोगलगायी शंखासकट गिळतो, मोठ्यांच्या मिशांसारख्या स्पर्शिका ओढतो, मागच्या पायांच्या नख्यांनी मांस फाडतो. गिळलेला शंख आतड्यात अडकून त्याचाही जीव जाऊ शकतो. त्याच्याबरोबर गोगलगाय ठेवणं हा दोघांचाही छळ आहे. तो पाळायचाच असेल तर एकटा पाळावा.

या बेडकाचा जगभरचा प्रवास रुग्णालयांतून झाला. १९३०च्या दशकाच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या लान्सलॉट हॉगबेन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या संशोधनातून एक चाचणी उभी राहिली. स्त्रीच्या लघवीचा अंश झेनोपसच्या मादीला टोचला आणि ती स्त्री गरोदर असेल, तर मादी काही तासांत अंडी घालायची. पुढची दोन-तीन दशकं हे बेडूक हजारोंच्या संख्येनं देशोदेशीच्या प्रयोगशाळांत पोहोचले. रासायनिक चाचण्या आल्यावर ते संशोधनात आणि शौकिनांच्या टाक्यांत गेले. तिथून काही निसटले, काही सोडले गेले. कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, पोर्तुगाल इथल्या उघड्या पाण्यात त्यांनी बस्तान बसवलं. इटलीच्या सिसिली बेटावर ते पसरले ते शेतीसाठी खोदलेल्या तळ्यांतून. युरोपीय संघानं २०२२मध्ये झेनोपस लेव्हिसला उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत टाकलं.

सिसिलीतली ती शेतीची तळी कन्नड-वैजापूरच्या शेतकऱ्यानं नीट ध्यानात घ्यावीत. २०१६मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि मराठवाड्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी जागोजागी दिसू लागली. वर्षभर पाणी, उत्पन्नाला आधार म्हणून मत्स्यबीज, आजूबाजूला मोठे शिकारी मासे नाहीत. परक्या पाणबेडकाला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

बाहेरून आत येणाऱ्या धोक्याकडे लोकांचं लक्षच नसतं. दुकानातली मिस्ट्री स्नेल महाग वाटली, की पोरं ओढ्यातून शंख वेचून आणतात. फुकटचे, आपल्याच मातीतले, मग काय बिघडलं? बिघडतं ते त्यांच्या पोटात.

गोड्या पाण्यातल्या कित्येक गोगलगायी चपट्या कृमींच्या पहिल्या यजमान असतात. कृमीची पिल्लं गोगलगायीत वाढतात, पाण्यात बाहेर पडतात आणि पुढच्या प्राण्याच्या कातडीत शिरतात. पुष्कळ जातींच्या बाबतीत तो पुढचा प्राणी बेडूक किंवा त्याचं बेडूकपिल्लू असतो. १९९५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हेंडरसन गावच्या शाळकरी मुलांना सहलीत जास्तीचे किंवा तुटके पाय असलेले बेडूक सापडले आणि त्यावर मोठं संशोधन सुरू झालं. १९९९मध्ये पीटर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगानं दाखवलं, की रिबेरोइया नावाचा कृमी गोगलगायीतून निघून बेडूकपिल्लाच्या फुटणाऱ्या पायांपाशी शिरला, तर पाय वेडेवाकडे होतात, जास्तीचे फुटतात. मिनेसोटातल्या प्रत्येक बेडकाचं कारण तेच होतं असं नाही. पण गोगलगाय, कृमी आणि बेडूक ही साखळी त्यानंतर कुणाला नाकारता आली नाही. याच गटानं २००७मध्ये असंही दाखवलं, की खतांचा अंश पाण्यात उतरला, की शेवाळ वाढतं, शेवाळावर गोगलगायी वाढतात आणि त्यांच्यासोबत कृमीही.

रिबेरोइया तिकडचा. आपल्याकडे आपले आहेत. महाराष्ट्रातल्या डबक्यांत आढळणारी चपट्या गुंडाळीची इंडोप्लॅनॉर्बिस गोगलगाय शिस्टोसोमा नेझेल या कृमीची यजमान आहे. तो बैलांच्या नाकात घर करतो, नाकात गाठी येतात आणि जनावर जागेपणीच घोरल्यासारखा आवाज करू लागतं. लिम्निया गोगलगायीतून गायी-म्हशींना यकृतातल्या चपट्या जंतांची बाधा होते. पशुवैद्यकाकडे जाणाऱ्या पशुपालकाला हे माहीत असतं.

माणसाचंही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं. १९५२च्या सुमारास गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी ते शिस्टोसोमा कृमीचं काम असल्याचं पुढे आणलं. भारतात असा आजार ठरावीक जागी मुळात असल्याचं उदाहरण म्हणून वैद्यकीय ग्रंथ गिमवीचंच नाव घेतात. कृमी वाहून नेणारी म्हणून फेरिसिया टेनुइस या नखाएवढ्याही नसलेल्या गोगलगायीकडे बोट दाखवलं गेलं. पाण्यात पाय बुडवून बसणाऱ्या पोरांना ती दिसलीही नसेल.

म्हणून देशी गोगलगाय वाईट, असं नव्हे. शिवनेच्या गाळात उन्हाळाभर दार बंद करून पडून राहणारी पायला त्या पाण्याची हक्काची रहिवासी आहे. तिची जागा तिथेच. टाकीसाठी गोगलगाय घ्यायची ती टाकीतच जन्मलेली, खात्रीच्या घरून आलेली. आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मग बेडकाजवळ न्यावी. पाणवनस्पतींनाही हाच नियम, कारण त्यांच्या पानांवर फायसा नावाच्या इवल्या गोगलगायींची पारदर्शक अंडी चिकटून येतात. फायसा उभयलिंगी आहे, स्वतःचं स्वतःच फलन करू शकते. एक आली, की महिन्याभरात काच भरते. बुटके बेडूक तिची चिमुकली पिल्लं खातात, पण तेवढ्यानं ती आवरत नाही.

आता आतून बाहेर जाणारं. हे प्रकरण मराठवाड्याला आधीच महागात पडलेलं आहे.

१८४७ साली विल्यम बेन्सन या शंखशौकिनानं मॉरिशसहून दोन-चार मोठ्या आफ्रिकी गोगलगायी कोलकात्याला आणल्या. त्याला त्या अभ्यासायच्या होत्या, जवळ ठेवायच्या होत्या. तो शहर सोडून गेला तेव्हा त्या चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. भारतातल्या शंखी गोगलगायीची नोंद तिथून सुरू होते. २०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत उगवलेलं सोयाबीन शंखी गोगलगायींनी रातोरात खाऊन टाकलं. शेतकऱ्यांनी दुबार पेरणी केली, घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन पहाटे गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकू लागली, सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. बेन्सनला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्याचा एक शौक होता आणि तो संपल्यावर काय करायचं, हे त्यानं ठरवलेलं नव्हतं.

पाण्यातल्या गोगलगायींचीही गोष्ट हीच. मिस्ट्री स्नेल म्हणजे पोमेसिया डिफ्यूजा, मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची बहीण पोमेसिया कॅनालिक्युलाटा १९८०च्या आसपास तैवानात खाण्यासाठी आणली गेली, विकली गेली नाही, लोकांनी ती सोडून दिली आणि तिथून फिलिपिन्सपर्यंतच्या भातशेतीवर तुटून पडली. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात २००९मध्ये याच गटातल्या गोगलगायी भातखाचरांत आढळल्या; युरोपीय संघानं २०१२मध्ये पोमेसियाच्या सगळ्याच जातींवर बंदी घातली. लहान वयात या दोन बहिणी वेगळ्या ओळखणं सोपं नसतं. पिशवीत पिवळी गोगलगाय घालून देणाऱ्याला आपण नक्की कुठली विकतो आहोत, हे माहीत असेलच असं नाही.

उजनी धरणातल्या मच्छीमारांना विचारलं, तर ते ‘सकर’ माशाबद्दल सांगतील. टाकीची काच चाटून साफ ठेवतो म्हणून लोकांनी हौसेनं आणलेला हा काटेरी मासा. हाताबाहेर वाढला, पाण्यात सोडला गेला, आज जाळी फाडतो आहे आणि बाजारात त्याला भाव नाही. ‘टाकी साफ ठेवतो’ हेच त्याच्याही विक्रीचं कारण होतं.

शिवनेचं पाणी पुढे जायकवाडीच्या नाथसागरात जातं. तिथे पक्षी अभयारण्य आहे, पैठणच्या मच्छीमारांचं पोट आहे आणि छत्रपती संभाजीनगरचं पिण्याचं पाणी आहे. देवगाव रंगारीच्या पुलावरून कुणी प्लास्टिकची पिशवी शिवनेत रिकामी केली, तर तिच्यातला जीव गावापुरता राहत नाही.

शिवाय जीव एकटा जात नाही. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी १९९९मध्ये शास्त्रीय नावानिशी वर्णिली गेली. २०१९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे किमान ५०१ उभयचर जातींची घट झाली, त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं. तिचा उगम आधी आफ्रिकेत, झेनोपसच्या व्यापारात शोधला गेला. २०१८च्या जनुकीय अभ्यासानं तो पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला असल्याचं दाखवलं. उगम कुठलाही असो, प्राण्यांच्या व्यापारानं तिला जगभर नेलं, याबद्दल मतभेद नाही. बुटक्या पाणबेडकांतही ती आढळली आहे आणि त्यांचे जीव तिनं घेतले आहेत.

नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या बेडकांत या बुरशीचा आशियाई, स्थानिक वाण आढळल्याचं प्रसिद्ध केलं. काळजी आहे ती बाहेरून येणाऱ्या जास्त घातक वाणाची. मराठवाड्याचा उन्हाळा या बुरशीला मानवत नाही. २८ अंशांच्या वर तिची वाढ खुंटते. पण श्रावणातलं गौताळ्याचं जंगल आणि तिथले गार ओहोळ उन्हाळ्यासारखे नसतात. कन्नडच्या डोक्यावरचं हे अभयारण्य १९८६पासून राखलेलं आहे आणि तिथल्या बेडकांनी हौसेच्या व्यापारातून आलेली रोगराई सोसावी, असं काहीही त्यांनी केलेलं नाही.

कायद्याकडे साधन आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीनं, १ एप्रिल २०२३पासून, कलम ६२-अ आलं. उपद्रवी परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि फैलाव यांवर नियंत्रण आणण्याचा किंवा बंदी घालण्याचा अधिकार त्यानं केंद्र सरकारला दिला. याच दुरुस्तीच्या आधारे २०२४चे नोंदणी नियम आले. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या ‘साइट्स’ कराराच्या यादीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. पण बुटका पाणबेडूक, झेनोपस आणि पोमेसिया यांपैकी कुणीही त्या यादीत नाही. परदेशी पोपट पाळणाऱ्याला कागद भरावे लागतात. झेनोपसची पिल्लं विकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. ही उणीव भरून काढायला हवी. झेनोपस लेव्हिसचा हौसेसाठीचा व्यापार कलम ६२-अ खाली थांबवावा. पोमेसियाच्या बाबतीत अमेरिकेनं २००६पासून जो मार्ग धरला तो विचारात घ्यावा: एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याची मोकळीक फक्त डिफ्यूजाला, बाकीच्या जातींना परवानगी लागते. सरसकट बंदीनं चोरटा बाजार वाढेल आणि ज्यांना नीट पाळायचं आहे, त्यांना चांगला प्राणी मिळणार नाही.

गावाच्या हातातही काही आहे. जैवविविधता कायदा २००२नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. या नोंदवह्यांची कल्पना माधव गाडगीळ यांनी रुजवली. गावाच्या पाण्यात कुठले बेडूक ओरडतात, कुठले शंख सापडतात, हे शाळेच्या मुलांनी पावसाळ्यात पाहून तिच्यात लिहिलं, तर परका जीव आला त्याच वर्षी ओळखता येईल. दहा वर्षांनी लक्षात आलं, तर उपाय उरत नाही.

एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. लोक टाकीतला प्राणी नदीत सोडतात ते बहुधा दयेपोटी. मुक्या जिवाला मारण्यापेक्षा सोडलेलं बरं, पुण्य लागतं, असं घरातली मोठी माणसं सांगतात आणि मुलाच्या हाती पिशवी देतात. या भावनेचा अपमान करण्याचं कारण नाही. पण आफ्रिकेतला बेडूक शिवनेत सोडणं ही त्याच्यावर दया नाही. बुटका बेडूक तिथे बहुधा उपाशी मरेल किंवा बगळ्याच्या तोंडी जाईल. झेनोपस टिकला, तर इथल्या बेडकांची पिल्लं खाईल. दया दाखवायची जागा दुकानाच्या उंबऱ्यावर आहे, प्राणी घेण्याआधी.

आणि घेतला असेल, तर. टाकीला हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात बुटक्या पाणबेडकांमुळे पसरलेल्या साल्मोनेलानं ४२ राज्यांत २४१ जण आजारी पडल्याची नोंद आहे, त्यांत लहान मुलांचं प्रमाण मोठं होतं. टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये. बदललेलं पाणी गटारात किंवा ओढ्यात न ओतता कुंडीत किंवा कोरड्या मातीत, पाण्यापासून लांब जिरवावं. प्राणी नकोसा झाला, तर दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा; विकणाऱ्या प्रत्येक दुकानानं तो विनातक्रार परत घ्यावा. आणि टाकीचं झाकण दर आठवड्याला उलटं करून पाहावं. मिस्ट्री स्नेल पाण्यात राहते, पण अंडी पाण्याच्या वर घालते, झाकणाच्या खालच्या बाजूला, फिक्या रंगाच्या घोसासारखी. दोन-तीन आठवड्यांत त्यांतून पिल्लं निघतात. तो घोस त्याच दिवशी खरवडून, दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग कचऱ्यात टाकावा.